मदत हवी आहे: चेनच्या कॉफीची चव खऱ्या अर्थाने कशी ताडून पाहावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात स्टारबक्स, कोस्टा, डंकिन आणि मॅककॅफे या कॉफीच्या चेनमध्ये (दुकानांच्या साखळ्यांत) कोणाची कॉफी सरस, यावर कायम वाद चालतो. बहीण स्टारबक्सच्या बाजूची, मी कोस्टाच्या. आता एकदा कपांवरची नावं झाकून सगळ्या चाखायच्या असं ठरवलंय, पण जितका विचार करतेय तितके प्रश्न वाढतायत.

सगळ्यात मोठी अडचण अशी की एकसारखं काय मागवायचं? डंकिनची ओळख फिल्टर कॉफीची (दाक्षिणात्य नव्हे, यंत्रात गाळलेली काळी), कोस्टाची एस्प्रेसोची (दाबाने काढलेली छोटी, दाट कॉफी). कोस्टाच्या नेहमीच्या मिश्रणात अरेबिकासोबत रोबस्टाही असते (या कॉफीच्या बियांच्या दोन जाती). रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, चवीलाही ती जास्त कडू लागते. स्टारबक्सचं नाव डार्क रोस्टमुळे, म्हणजे जास्त भाजलेल्या बियांमुळे झालं, पण २०१२ पासून त्यांच्याकडे ब्लाँड हा हलका रोस्टही आहे. मग एकीकडचा डार्क रोस्ट आणि दुसरीकडचा मीडियम शेजारी ठेवले तर आपण कंपनी ताडतोय की नुसती भाजण्याची पातळी? मला तर वाटतं, बहिणीचा आणि माझा अर्धा वाद इथेच आहे. तिला करपट, धुरकट चव आवडते, मला नाही.

सध्या अमेरिकानोवर (एस्प्रेसोत गरम पाणी) येऊन थांबलेय, कारण तो बहुतेक ठिकाणी मिळतो आणि त्यात दूध नसतं. पण त्यातही कोणी एस्प्रेसोचा एक शॉट (एक माप) घालतं, कोणी दोन, आणि पाण्याचं प्रमाणही वेगळं. सर्वांत लहान कप घेऊन शॉट विचारून घ्यावेत का? की नुसता एस्प्रेसोच बरा? तो लगेच प्यावा लागतो, घरी आणेपर्यंत त्याची मजा जाते.

दुधाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. दुधातली प्रथिनं कॉफीचा तुरटपणा बराच कमी करतात, वरून सिरप आलं की सगळ्या कॉफी एकमेकींच्या जवळ येतात. म्हणून लाते, कॅपुचिनो नकोतच. पण बहीण म्हणते, लोक पितात ती दुधाचीच, मग तुलनाही तिचीच हवी. तिचंही चूक नाही. दोन फेऱ्या घ्याव्यात का, एक काळी, एक दुधाची?

तापमानाचंही आहेच. फार गरम असताना सगळ्या जवळपास सारख्याच लागतात, कोमट झाल्यावर आंबटपणा, गोडवा, मागे रेंगाळणारा कडवटपणा वेगवेगळे कळू लागतात. म्हणून सगळ्या एकाच वेळी आणून, सारख्या पेल्यांत ओतून, थोड्या निवल्यावर चाखायचा विचार आहे. फिल्टर कॉफी घेतली तर ती ताजी आहे का हे विचारणार, कारण गरम प्लेटवर तासभर बसलेली कॉफी कुठलीही असो, आंबूस-कडूच होते.

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सांगा: एका बैठकीत किती कॉफी चाखाव्यात म्हणजे जीभ बधिर होणार नाही? मध्ये नुसतं पाणी पुरतं का? आणि गुण कसे द्यायचे, एकूण चवीला की आंबट, कडू, गोड, सुगंध असे वेगवेगळे? दोघींच्या आवडी इतक्या वेगळ्या असताना एकूण गुणांचा उपयोग होईल असं मला वाटत नाही, पण तुमचा अनुभव ऐकायला आवडेल.