छोट्या आरटीएमध्ये २८ गेज कांथल: रोध स्थिर राहत नाही, चौथ्या झुरक्याला जळका ठसका

निवांत

आरटीए (ई-सिगारेटची टाकी, जिच्यात तापणारी तारेची कॉइल आणि कापसाची वात आपणच बसवतो) २२ मिमीचा, एकाच कॉइलचा, घट्ट ओढीचा. आतला डेक (कॉइल बसते तो तळ) जेमतेम दहा मिमी, समोरासमोर दोन पोस्ट (तार पकडणारे खांब), दोन्हींना साधे स्क्रू, हवेचं छिद्र बरोबर मध्ये, खालून.

तार कांथल ए-१ (लोह-क्रोमियम-अल्युमिनियमची), २८ गेज. २.५ मिमीच्या दांड्यावर सहा वेढे, एकमेकांना चिकटून. वात सेंद्रिय कापसाची. लिक्विडमध्ये ग्लिसरीन ७० टक्के. मॉड (खालचा बॅटरीचा भाग) १४ वॅटवर.

दोन अडचणी. मॉड कधी ०.९५ ओहम दाखवतो, कधी १.१, कधी १.३. आणि पहिले तीन-चार झुरके चांगले लागतात, मग घशाला जळका ठसका. कापूस कमी केला की जळकेपणा जातो, पण गुडगुड सुरू होते आणि हवेच्या छिद्रातून लिक्विड गळतं.

वेढे वाढवायचे, की कांथल सोडून निक्रोम (निकेल-क्रोमियमची तार) घ्यायची? जाणकारांनी सांगावं.

तारकस

तार बदलू नका आणि वेढेही आहेत तेवढेच ठेवा. आधी हिशोब बघा, म्हणजे कुठला आकडा खरा ते कळेल.

२८ गेज म्हणजे ०.३२ मिमी. कांथल ए-१ या जाडीत मीटरला साधारण १८ ओहम पडते. २.५ मिमीच्या दांड्यावर एका वेढ्याला ८.९ मिमी तार लागते (दांडा अधिक तारेची जाडी, गुणिले ३.१४). सहा वेढ्यांचे ५३ मिमी, दोन्ही पायांचे (पोस्टपर्यंत जाणाऱ्या टोकांचे) मिळून ८ मिमी, एकूण ६१. रोध येतो १.१ ओहम. म्हणजे १.१ हा तुमचा खरा आकडा. एक वेढा कमी-जास्त केला तर फरक ०.१६ चा पडतो, हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं.

रोध खाली जाऊन ०.९५ होतो तेव्हा जवळपास एक वेढा हिशोबातून गळालेला असतो. नव्या चकचकीत तारेचे शेजारी वेढे एकमेकांना टेकले की वीज तारेतून गोल फिरण्याऐवजी आडवी पलीकडे जाते. कांथल तापली की तिच्यावर अल्युमिनाचा पातळ थर चढतो आणि तोच वेढ्यांमध्ये विद्युतरोधक म्हणून काम करतो. तुमची कॉइल नीट भाजली गेलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वर जाऊन १.३ होतो तेव्हा मात्र दोष जोडणीत. स्क्रू ढिला, पायावर जुनी काजळी, नाहीतर ५१० च्या (आरटीए मॉडला जोडणाऱ्या आट्यांच्या) मधल्या पिनवर लिक्विडचा चिकटा. तापल्यामुळे वाढला असेल असं वाटेल, पण कांथल लाल केली तरी तिचा रोध चार टक्क्यांच्या आतच वाढतो. १.१ चे १.३ उष्णतेने होत नाहीत.

बसवताना:

पायांची दिशा गुंडाळायच्या आधी ठरवा. समोरासमोरच्या पोस्टना पाय विरुद्ध दिशांना निघायला हवेत, त्यासाठी वेढे पूर्ण संख्येत येतात. दोन्ही पाय एकाच बाजूला हवे असते तर अर्धा वेढा जास्तीचा लागला असता. गुंडाळण्याची दिशाही जुळवा, कारण उलट गुंडाळलेल्या कॉइलचे पाय ओढूनताणून पोस्टपर्यंत न्यावे लागतात आणि त्या ताणाने कडेचे वेढे उघडतात.

पाय स्क्रूच्या अशा बाजूने घ्या की स्क्रू घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरताना तार आत ओढली जाईल. दुसऱ्या बाजूने घेतली तर स्क्रू तिला बाहेर ढकलतो. दांडा कॉइलमध्येच ठेवून दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. पूर्ण ताकद लावू नका, ०.३२ ची तार स्क्रूखाली कापली जाते. पायांची टोकं स्क्रूच्या अगदी लगत नेलकटरने छाटा. जास्तीचं टोक टोपीला किंवा चिमणीला (वाफ वर नेणाऱ्या नळीला) टेकलं की शॉर्ट.

उंची: कॉइलचा तळ हवेच्या छिद्रापासून दीड ते दोन मिमी वर. फार खाली बसली तर हवा अडते आणि डेकही तापतो, फार वर गेली तर हवा कॉइलच्या बाजूने निसटते आणि चव फिकी.

आता भाजणं. कापूस नसताना, टोपी काढलेली असताना, ८ वॅटवर बटण दाबून एक-दोन सेकंदांचे ठोके. मधूनमधून सिरॅमिक टोकाच्या चिमट्याने वेढ्यांवरून आडवं खरवडा, थंड झाल्यावर वेढे हलकेच एकत्र दाबा, पुन्हा ठोका. लाली मधून सुरू होऊन दोन्ही कडांकडे सारखी पसरली की काम झालं. धातूचा चिमटा वापरणार असाल तर बटणावरचं बोट काढल्याशिवाय कॉइलला लावू नका. लांब ठोके देऊ नका, पोस्टखालचा पीक (PEEK) या प्लास्टिकचा विद्युतरोधक ३४३ अंशांना वितळतो आणि रबरी कड्या त्याच्या कितीतरी आधी जातात.

भाजून झाल्यावर स्क्रू पुन्हा एकदा तपासा. तापल्यावर तार मऊ पडते आणि पकड सैल होते. १.३ बहुतेक वेळा इथूनच येतो.

वातकरी

वर रोधाचं सगळं बरोबर सांगितलंय, पण जळका ठसका त्याने जाणार नाही. चौथ्या झुरक्याला जळतं आणि पहिल्याला नाही, याचा अर्थ भिजलेली वात रिकामी होतेय आणि मागून पुरवठा पोहोचत नाहीये. कॉइल निर्दोष असली तरी हेच होईल. लहान आरटीएत दहापैकी नऊ तक्रारी कापसाच्या असतात आणि लोक तार बदलत बसतात.

तुम्ही कापूस कमी केल्यावर गळती लागली, हे फार बोलकं आहे. कॉइलच्या आतला कापूस आणि बाहेरच्या दोन शेपट्या ही दोन वेगळी कामं आहेत. आतला कापूस वाफेसाठी लिक्विड धरतो, तर शेपट्या टाकीकडची भोकं झाकून प्रवाह आवरतात. तुम्ही पट्टीच बारीक घेतलीत, त्यामुळे आतही सैल झालं आणि भोकंही उघडी पडली. कमी करायचा होता तो फक्त शेपट्यांमधला कापूस.

पट्टी धाग्यांच्या दिशेने फाडा, कात्रीने उभी कापू नका. लांबी पाच-सहा सेमी पुरते. एक टोक पिळून बारीक करा आणि कॉइलमधून ओढा. ओढताना कापूस कॉइलला चोळत जावा, पण कॉइल जागची हलू नये. कॉइल वाकतेय, सोबत येतेय म्हणजे कापूस जास्त. सरकन निघून जातोय म्हणजे कमी. ओढून झाल्यावर पिळलेलं टोक कापून टाका, तिथले धागे दबलेले असतात आणि लिक्विड नीट ओढत नाहीत.

शेपट्या दोन्ही बाजूंना सरळ धरून डेकच्या बाहेरच्या कडेशी कापा. मग सुईने किंवा बारीक कंगव्याने विंचरा. इथे घाई नको. विंचरताना सुटणारा कापूस जाऊ द्या, तिसरा हिस्सा तरी निघायला हवा. नंतर टोकं खाली लिक्विडच्या खाचांमध्ये अलगद बसवा. खाच झाकली जावी, पण कापूस ठासला जाऊ नये. ठासलेल्या कापसातून लिक्विड सरकत नाही. कॉइलच्या खाली, हवेच्या छिद्रावर एकही धागा लोंबता नको.

मग वात भिजवा: कॉइलवर दोन-तीन थेंब, प्रत्येक शेपटीवर दोन-तीन, पाच मिनिटं थांबा. कोरा कापूस तापवला की त्याला करपट वास लागतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही, वात बदलावीच लागते.

दुसरं कारण लिक्विड. ७० टक्के ग्लिसरीन दाट असतं, घट्ट ओढीच्या आरटीएच्या अरुंद खाचांतून ते हळू येतं. निम्मं ग्लिसरीन आणि निम्मं प्रॉपिलीन ग्लायकॉल घ्या. तेच दाट लिक्विड वापरायचं असेल तर शेपट्या आणखी विरळ करा आणि दोन झुरक्यांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. पातळ लिक्विडला याच विरळ शेपट्या गळतील, म्हणून लिक्विड बदललं की वातही बदलायची.

आणि १४ वॅट उतरवा. या कॉइलचा पृष्ठभाग जेमतेम ५३ चौरस मिमी आहे. घट्ट ओढीत हवा कमी, त्यामुळे थंडावाही कमी. ११ पासून सुरू करा, १२ च्या वर जाण्याची गरज पडू नये. कोरड्या वातीवर ग्लिसरीन जास्त तापलं की त्यातून अ‍ॅक्रोलीन तयार होतं, घशाला झोंबतो तो भाग त्याचाच. तो झुरका सोसून पुढचा घेऊन बघण्यात अर्थ नाही.

अर्धवेढा

चिकटून वेढे घेण्याचा आग्रह कशासाठी? मोकळे वेढे घेतले तर भाजा, खरवडा, दाबा ही सगळी कटकटच संपते. वेढे टेकतच नाहीत, मग ०.९५ यायचा प्रश्न नाही. शिवाय प्रत्येक वेढा सगळ्या बाजूंनी लिक्विडला लागतो.

सारखं अंतर ठेवायची युक्ती: दोन तारा शेजारी शेजारी धरून एकत्र गुंडाळा, मग एक तार फिरवत बाहेर काढा. उरलेल्या कॉइलमध्ये बरोबर एका तारेएवढी फट राहते. रोध तोच, १.१.

तारकस

अंतर ठेवायला हरकत नाही, पण या डेकवर एक बघा. चिकटलेले सहा वेढे १.९ मिमीत मावतात. तारेएवढ्या फटी ठेवल्या की तेच साडेतीन मिमी होतात. घट्ट ओढीचं हवेचं छिद्र दीड-दोन मिमीचं, म्हणजे वारा मधल्या तीनेक वेढ्यांनाच लागतो आणि कडेचे वेढे नुसतेच तापतात. छिद्र लांबट असेल किंवा तीन-चार छिद्रांची रांग असेल तर मोकळे वेढे उत्तम. एकच गोल छिद्र असेल तर मी चिकटलेलेच घेईन.

निक्रोमचं राहिलं. निक्रोम ८० याच जाडीत मीटरला साडेतेरा ओहम. १.१ ओहमसाठी आठच्या वर वेढे लागतील आणि तुमच्या डेकवर ते अडचणीचे. सहाच वेढे ठेवले तर ०.८ ओहम, तेही चालतं. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर निक्रोम नकोच. कांथलमध्ये निकेल नसतं.

निवांत

छिद्र एकच आणि गोल आहे, म्हणजे चिकटलेले वेढे. शेपट्यांचा मुद्दा पटला. दोन शंका: टाकी भरल्यावर लगेच गळतं, त्याचाही वातीशीच संबंध का? आणि एसएस ३१६ एलची (स्टेनलेस स्टीलची) २८ गेज तार आहे, ती याच मापात चालेल?

वातकरी

भरल्यावर लगेच गळत असेल तर ते निर्वाताचं काम. टाकीत लिक्विडच्या वर हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो, त्यावरच लिक्विड तोलून राहतं. वरचं झाकण उघडलं की तो तोल जातो आणि लिक्विड वातीतून डेकवर उतरतं. भरण्याआधी लिक्विडचा प्रवाह बंद करा, तशी सोय नसेल तर निदान हवेची कडी (हवा कमी-जास्त करणारी फिरती कडी) बंद करा. भरा, झाकण लावा, आरटीए उलटा धरा, मगच कडी उघडा. उलट्या स्थितीतच दोन हलके झुरके ओढले तर उत्तम, बटण न दाबता. टाकीला वरती हवेचा बुडबुडा राहू द्या, गळ्यापर्यंत भरू नका. एवढं करूनही गळलं तर शेपटी खाचेवरून सरकली आहे किंवा एखादी रबरी कडी चिरली आहे.

तारकस

एसएस चालेल, पण आकडे वेगळे. ३१६ एल या जाडीत मीटरला सव्वानऊ ओहमच्या आसपास, म्हणजे तुमच्या मापात ०.५७. मॉडला तापमान-नियंत्रण असेल तरच तिचा खरा उपयोग. तिचा रोध तापमानाबरोबर वाढतो, गुणांक दर अंशाला साधारण ०.०००९२, दोनशे अंश वाढले की ०.५७ चे ०.६७ होतात. मॉड त्यावरूनच तापमान ओळखतो, म्हणून कॉइल पूर्ण थंड असतानाच मूळ रोध नोंदवायचा. इथे ढिल्या स्क्रूची किंमत दुप्पट: जोडणीतला ०.०५ चा फरकही मॉडला शंभर अंश वाटतो. २१० ते २२० वर ठेवा, त्याच्या वर कापूस करपायला लागतो.

एसएसची कॉइल लालभडक करू नका. कमी वॅटवर रंग जरासा बदलेपर्यंत ठोके पुरेत. आणि याच कारणाने एसएसला मोकळे वेढे बरे, कारण तिच्यावर कांथलसारखा भरवशाचा थर चढत नाही.

ओहमदास

एक भर. घरगुती मल्टिमीटरवर एक ओहमखालचे आकडे मोजत असाल तर आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावा. तिथेच ०.२-०.३ दिसतात, ते वजा करा.

आणि मॉडमध्ये सर्किट नसेल, नुसती यांत्रिक नळी असेल, तर भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट थेट कॉइलवर येतात. १.१ ओहमला ३.८ अँपिअर आणि १६ वॅट, ०.५७ ला ७.४ अँपिअर आणि ३१ वॅट. सेल तेवढं सहज देईल, पण घट्ट ओढीच्या या कॉइलवर ३१ वॅट म्हणजे वातीची राख. त्या नळीत शॉर्ट झालं तर थांबवणारं काहीच नसतं, म्हणून नवी कॉइल आधी सर्किटवाल्या मॉडवर किंवा ओहममीटरवर तपासा. सेलचं प्लास्टिक वेष्टन फाटलेलं असेल तर तो सेल वापरू नका.

निवांत

पुन्हा बांधली. भाजल्यावर १.०९, स्क्रू आवळल्यावर १.०८, तिथेच थांबलाय. शेपट्या विंचरल्या, निम्मं-निम्मं लिक्विड, ११.५ वॅट. जळका ठसका नाही, गळती नाही. ओढ मात्र आधीपेक्षा किंचित घट्ट वाटते.

वातकरी

टोपी काढून खालून उजेडाकडे धरा. छिद्रावर कापसाचा धागा आला असेल, नाहीतर कॉइल दाबली जाऊन खाली बसली असेल. धागा असेल तर चिमट्याने उचलून कापा. खाली बसली असेल तर वात काढा, दांडा घालून कॉइल वर उचला आणि नवी वात घाला. भिजलेल्या वातीसकट कॉइल ओढू नका, वेढे उघडतात.