लडाखमधले दिवे आणि ब्लू बुकच्या फायली: तपास नेमका कसा करतात?

शंकासुर:
ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ मध्ये पँगाँग परिसरात लष्कराने आकाशातल्या दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या, त्यातल्या १५५ घुसखोरीच्या धरल्या. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने नंतर सांगितलं की ते शुक्र आणि गुरू. डोळ्यांत तेल घालून पहारा देणाऱ्यांना ग्रह ओळखू येऊ नयेत, हे काही पटत नाही. ठरवलं कसं? आणि अमेरिकी हवाई दलाच्या ब्लू बुकमधली (उडत्या तबकड्यांसारख्या अनोळखी वस्तूंच्या तपासाचा प्रकल्प) 'अज्ञात' प्रकरणं अशीच सुटतील का?

क्षितिजरेषा:
'काय दिसलं' हे जरा बाजूला ठेवा. दिगंश (उत्तरेपासून मोजलेली दिशा), उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची, अंशांत) आणि वेळ एवढंच धरा. गुरू ३ डिसेंबर २०१२ ला प्रतियुतीत होता, म्हणजे त्या सुमारास सूर्यास्तालाच पूर्वेला उगवत होता. शुक्र तेव्हा पहाटे पूर्वेला. ताबारेषेवर पूर्व म्हणजे चीनची बाजू. तिकडून वर येऊन तासन्‌तास पश्चिमेकडे सरकणारा दिवा घुसखोरच वाटणार, त्यात जवानांचा दोष नाही. चार हजार मीटरच्या वर हवा विरळ, धूळ नाही, त्यामुळे ग्रह सखल प्रदेशापेक्षा ठळक दिसतात.

खरी कसोटी रोजच्या नोंदींत आहे. ड्रोन घड्याळाप्रमाणे येईल. तारा किंवा गुरूसारखा संथ ग्रह रोज साधारण ४ मिनिटं लवकर उगवतो, महिन्यात दोन तास; शुक्र वेगाने सरकतो, त्याला हा हिशोब लागू नाही. शिवाय तो ताऱ्यांबरोबर तासाला १५ अंश सरकतो. शेजारी रोहिणी तारा आणि दिवा यांच्यातलं अंतर रात्रभर तेवढंच राहिलं, तर विषय मिटला.

जुना_नकाशा:
+१. एक भर. स्टेलॅरियम (कुठल्याही वेळचं आकाश दाखवणारा संगणक प्रोग्राम) उदयाची वेळ सपाट क्षितिज धरून देतो, लडाखमध्ये क्षितिज सपाट नसतं. समोर १० अंश उंचीचा डोंगर असेल तर गुरू पाऊण-एक तास उशिरा 'उगवतो', आणि नोंद जुळत नाही म्हणून लोक प्रकरण अज्ञातात टाकतात. डोंगरकड्याची उंची आधी क्लिनोमीटरने (उंचीचा कोन मोजायचं साधन) मोजावी. होकायंत्राचा दिगंश चुंबकीय असतो, त्यात दिक्पात (चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक) मिळवा. हाताशी काही नसेल तर लांब केलेल्या हाताची मूठ १० अंश.

अंतर आणि आकाराचे आकडे मात्र सरळ खोडा. काळ्या आकाशात एकट्या ठिपक्याचं अंतर डोळ्याला कळत नाही. एकटक पाहिलं तर स्थिर ठिपकाही हलल्यासारखा वाटतो.

फायलीवाला:
ब्लू बुकबद्दल. १९५२ ते १९६९, मुक्काम राईट-पॅटरसन तळ, ओहायो. १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अज्ञात (आधीच्या साइन आणि ग्रज या प्रकल्पांच्या नोंदी धरून). अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या टी-१२०६ या मायक्रोफिल्ममध्ये ९४ रिळं आहेत, साक्षीदारांची नावं खोडलेली. बहुतेक प्रकरणांच्या वर 'प्रोजेक्ट १००७३' असं नोंदपत्र असतं. त्यावर स्थानिक वेळ आणि ग्रीनिच वेळ असे दोन रकाने आहेत. पहिल्यांदा ते ताडून पाहा. उन्हाळी वेळेमुळे (अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात) तासाची चूक होते आणि ग्रह क्षितिजाखाली जातो.

मग निष्कर्षाचा रकाना. 'फुगा होता', 'बहुधा फुगा', 'कदाचित फुगा' अशा तीन पायऱ्या, विमान आणि खगोलीय यांनाही तशाच. 'कदाचित'ला पुराव्याचं वजन देऊ नका. बऱ्याचदा त्यामागे फुगा सोडल्याची नोंद नसते. 'अपुरी माहिती' हा गट वेगळा, तो त्या ७०१ मध्ये नाही.

शंकासुर:
म्हणजे ७०१ सुद्धा ग्रहांत बसतील?

फायलीवाला:
सगळी नाही. न्यू मेक्सिकोतलं सोकोरो प्रकरण घ्या, २४ एप्रिल १९६४: दिवसाउजेडी, पोलीस अधिकारी साक्षीदार, जमिनीवर खुणा आणि जळकं झुडूप. तिथे स्टेलॅरियम काय करणार? उलट जुलै १९५२ मधले वॉशिंग्टनचे रडार-ठिपके हवाई दलाने तापमानाच्या उलट्या थरावर (वर गार हवेऐवजी गरम हवा, त्यामुळे रडारच्या लहरी वाकतात) ढकलले. ते तपासायला त्या रात्रीचं फुग्याने घेतलेलं उंचीनिहाय तापमान लागतं. आधी ते फाईलमध्ये आहे का पाहा, मग वाद घाला.