केसपेपरवर न उतरलेली वेळ
दाखल झाल्याची वेळ आणि इंजेक्शनची वेळ यांची वजाबाकी केली की लकव्याच्या उपचारांचा दर्जा कळतो, असं म्हणतात, ते पटतं. दाखल झाल्यापासून ६० मिनिटांत इंजेक्शन देण्याचं उद्दिष्ट असंच तपासतात. पण त्याआधीची एक वेळ चुकली तर सगळा हिशेब फसतो: माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला? मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं हे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते तास तिथून मोजतात.

बीडकडच्या आमच्या मामांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा पहाटे ५ ला मामींना त्यांचं तोंड वाकडं दिसलं. ७ ला दवाखान्यात पोचलो. केसपेपरवर लिहिलं गेलं, 'त्रास पहाटे ५ पासून'. मामी पदर तोंडाला लावून दाराशी उभ्या होत्या, त्यांना कुणी विचारलंच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "रात्री १० ला बैलांना वैरण टाकून निजले, तवा चांगले होते." डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी लगेच इंजेक्शन थांबवलं. कागदावर मात्र ५ तसेच राहिले. उद्या तो कागद तपासणारा म्हणेल, रुग्ण वेळेत आला होता, तरी औषध दिलं नाही! 'शेवटचं ठीक कधी, कुणी सांगितलं' असा वेगळा रकाना केसपेपरवर छापलेलाच हवा.