'शुक्रतारा' जॅझमध्ये: चालेल की नाही?

पार्लेकर: शनिवारी पार्ल्यात एका घरगुती बैठकीत मंगेश पाडगावकरांची गाणी जॅझ बाजात ऐकली. पियानो, डबल बास, ड्रमवर ब्रश आणि एक गायिका. 'शुक्रतारा, मंद वारा' सुरू झालं आणि अंगावर काटा आला. शेजारचे काका मात्र मध्यंतरातच उठून गेले. मला वाटतं, श्रीनिवास खळ्यांची चाल एवढी भक्कम आहे की तिला हे सहज पेलतं. जॅझवाल्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांतली गाणी अशीच आपलीशी केली ना? क्लिप खाली देतोय.

दादरकर: क्लिप दोनदा ऐकली. नाही पटलं. 'मंद'मधल्या 'द'वर असा काही आघात येतो की वारा मंद राहतच नाही. आणि हे युगुलगीत आहे. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा एकमेकांशी बोलतात, एकटीनं गायलं की ते बोलणंच संपलं.

गोरेगावची: मुंबईला जॅझ परका नाही हो. १९३०च्या दशकात ताजमध्ये वाजत होता, १९७८मध्ये इथे 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला. आपल्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला'त (१९५१) तो बाज किती झोकात आणला!

दादरकर: परका म्हटलंय कुठे मी? अण्णांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्या बाजासाठीच चाली बांधल्या. इथे दुसऱ्यानं बांधलेली चाल वाकवलीय.

गाणं शिकतेय: दादरकर, स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, मात्रेचा पहिला भाग लांबतो, दुसरा आखडतो. म्हणजे 'मंद'चं गुरू-लघु वजनच की! 'द'वर जोर गेला तो गायिकेकडून, बाजाला दोष नको. माझी अडचण वेगळीच आहे. खळ्यांच्या चालीत एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट महत्त्वाची. पियानोला मींड, म्हणजे सुरावरून सुरावर अखंड सरकणं, नाही. त्याचे भरगच्च कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) खाली असले की गळाही सूर सरळ ठेवायला लागतो. रियाजाला हार्मोनियम घेतला तरी हे होतं, गुरुजी लगेच थांबवतात.

पार्लेकर: अगदी! दुसऱ्या अंतऱ्याला पियानो थांबला, नुसता बास आणि ब्रश उरले. तिथे तिनं सूर असा ओढून नेला की स्वयंपाकघरातून कपबश्या आणणारी वहिनी दारातच उभी राहिली. क्लिपमध्ये तेवढंच आलेलं नाही. मुखड्यातल्या 'द'बद्दल दादरकर बरोबर आहेत, गायिकेला सांगतो. पण तो अंतरा ऐकल्यावर हा प्रयोग सोडून द्या असं मी म्हणणार नाही.

दादरकर: तो अंतरा पाठव. आणि पुढच्या वेळी सोबत गायला एक पुरुष आवाज घ्या, मग येतो मी.