वेताळ टेकडीला अंधार पडल्यावर कुलूप हवं का?

टेकडीकर (एप्रिल २०२१)
करोनामुळे ३ एप्रिलपासून पुण्यात संध्याकाळी सहाला संचारबंदी. बागा बंद, परमिट रूम बंद, दारू मात्र मिळायची तिथे मिळतेच आहे. त्यामुळे बैठका सरळ टेकडीवर हलल्या आहेत. टेकडीवरच्या दगडखाणीच्या काठावर बाटल्यांचा खच, मोठ्याने लावलेले स्पीकर, वर शेकोट्या. कोण पितो याच्याशी मला देणंघेणं नाही. माझं भांडण काचेशी आणि काडीशी आहे. या दिवसांत तिथलं गवत वाळून खडखडीत झालेलं असतं, एका सिगारेटच्या थोटकाने उतारच्या उतार पेटतो. आणि हाच टिटवीचा अंडी घालायचा हंगाम. ती घालते उघड्या खडकाळ जमिनीवर, त्यामुळे पाय पडेपर्यंत कळतही नाही.
लॉ कॉलेज रोड, गोखलेनगर, पौड रोड, सगळ्या वाटांवर फाटक बसवा आणि अंधार पडला की कुलूप. टाळेबंदी उठली तरी ते राहू दे.

उंटावरचा_शहाणा
+१. फक्त किल्ली कोणाकडे ठेवायची तेवढं ठरवा, नाहीतर त्यासाठी एक समिती, समितीसाठी एक बैठक, आणि ती भरणार खाणीच्या काठावर.

पायवाट
पूर्ण असहमत. बागांना कुलूप लावलं म्हणून ही मंडळी टेकडीवर आली. त्यावर उपाय काय, तर टेकडीला कुलूप!
गेल्या वर्षी मार्चमध्ये पहिल्या झटक्यात बागा बंद झाल्या. ज्यांना गच्ची आहे, सोसायटीचं आवार आहे, त्यांचं निभावलं. गोखलेनगर-जनवाडीत १९६१ च्या पानशेत पुरानंतर पूरग्रस्तांना वसवलं, त्या खोल्यांत आज दुसरी-तिसरी पिढी राहते. तिथल्या विशीतल्या पोराने वर्षभर कुठे बसायचं? कॉलेज बंद, काम सुटलेलं, घरात म्हातारी माणसं. टेकडी हे त्यांचं अंगणच आहे.
शिवाय नियम फक्त संध्याकाळवाल्यांनी मोडले का? गेल्या वर्षी पहाटे फिरताना सापडलेल्यांना पोलिसांनी रस्त्यावर योगासनं करायला लावली, ते व्हिडिओ आपण हसत हसत पुढे पाठवले. संध्याकाळच्या पोरांच्या वाट्याला काठी आली. सरकारी आदेश मोडल्याचं कलम १८८ दोघांनाही तेच लागतं.

टेकडीकर
पहाटे जाणारे बाटल्या फोडत नाहीत.

रानजाई
बाटल्या फोडत नाहीत, पण पट्टा काढून कुत्री मोकळी सोडतात. ती टिटवीची अंडी शिल्लक ठेवतात असं वाटतं का तुम्हाला? हे मी या आधीही लिहिलंय आणि दर वेळी 'आमचा ब्रूनो काही करत नाही' असंच उत्तर आलंय.
वणव्याबद्दल मात्र टेकडीकरांशी सहमत, कारण थोडं वेगळं. गवत वाळायच्या सुमाराला जाळरेषा काढल्या, म्हणजे मधले पट्टे आधीच जाळून मोकळे केले, तर आग एका पट्ट्यात अडते. एरवी आग दिसली की फिरायला आलेलेच फांद्या घेऊन धावतात, कोणीतरी अग्निशमन दलाला फोन करतं. आता वर माणूसच नाही. संचारबंदीत पाळतीला असलेले डोळे घरी बसले आणि ज्यांना डोळे नको होते ते वर गेले. कुलूप लावलंत तर हेच कायमचं होईल.

सई_कोथरूड
पायवाट, तुमचं लिखाण नेहमी आवडतं, पण यावेळी राहवत नाही म्हणून लिहिते. त्या छोट्या खोल्यांत बायकाही राहतात. घरातल्या सगळ्यांचं दिवसभराचं रांधणं-धुणं त्यांच्याच डोक्यावर आलंय, कामंही सुटलीत. कोंडमारा त्यांचा जास्त झालाय. खाणीवर बाटल्या फोडताना त्यांच्यातली एकही दिसली नाही. आधी साडेपाच-सहाला त्या चौघी-पाचजणी मिळून वर यायच्या. आता शेरे ऐकावे लागतात म्हणून येत नाहीत. अंगण म्हणता, मग ते कुणाचं अंगण?

पायवाट
सई, शेऱ्यांचं मान्य. त्याला पाठीशी घालायचं कारणच नाही, पकडा आणि गुन्हा नोंदवा. पण फाटक पडलं की त्या बायकाही बाहेरच राहणार, आणि कुंपणावरून उडी मारणारे आत. उलट वाटेच्या तोंडाशी दोन दिवे लावा, तिन्हीसांजेला गस्त ठेवा. मुळात बागा उघड्या ठेवल्या असत्या तर निम्मी गर्दी खालीच राहिली असती. आजार पसरण्याचा धोका बंद खोलीत जास्त की झाडाखाली?

सई_कोथरूड
गस्त आली की ती आधी हात धरून बसलेल्या जोडप्यांना उठवते, त्यांच्यावर पोलीस कायद्यातलं असभ्य वर्तनाचं कलम ११० लावते. बाटलीवाले तोवर पलीकडच्या उताराने खाली. त्यामुळे तुमच्या गस्तीवर माझा फार विश्वास नाही. माझं मत फाटकाला. निदान वर्षभर करून बघा.

रानजाई
दिवे वाटेच्या तोंडाशीच हं, वर नकोत. रातव्यासारख्या निशाचर पक्ष्यांना काळोख लागतो.

टेकडीकर
कुत्र्यांचा मुद्दा घेतला. मग संपूर्ण टेकडीऐवजी फक्त खाणीच्या बाजूला कुंपण घातलं तर?

उंटावरचा_शहाणा
मग बैठक वेताळबाबाच्या देवळामागे.