व्हेनिस, २५ एप्रिल: प्रवेश शुल्काचा फॉर्म पुढे जात नाहीये, मदत हवी आहे

रेवती_के
२५ एप्रिलला व्हेनिसला आहोत. शुल्काच्या साईटवर 'कशासाठी येताय' विचारतात, तिथेच गाडी अडते. दोनदा सगळं भरलं, दोनदा पुन्हा पहिल्या पानावर. पैसे भरायला ना नाही, पण कुठला पर्याय निवडायचा? नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर लगेच सांगा, हे आज रात्री संपवायचंय.

सातारकर
माणशी ५ युरो भरा आणि मोकळ्या व्हा. २०२४ मध्ये हे सुरू झालं तेव्हा पहिला दिवस २५ एप्रिलच होता. २०२५ पासून ऐनवेळी भरलं तर १० पडतात. उशीर करू नका.

मिलानवासी
थांबा, भरू नका! राहणार कुठे? रात्री किती? माणसं किती? ते शुल्क दिवसापुरतं येऊन परत जाणाऱ्यांसाठी आहे.

रेवती_के
हॉटेल व्हेनिसलाच आहे, म्हणजे जवळ. तिघं आहोत.

मिलानवासी
'जवळ'वर भागणार नाही हो. पत्ता व्हेनिस पालिकेच्या हद्दीतला हवा. मेस्त्रे, मार्गेरा ही बेटाबाहेरची, जमिनीवरची उपनगरं चालतील. पादोवा वेगळं शहर, ते चालणार नाही.

रेवती_के
मेस्त्रे. स्टेशनसमोर. २४ आणि २५, दोन रात्री.

मिलानवासी
मग शुल्क द्यायचं नाही. हॉटेल मुक्कामाचा कर वेगळा घेतं, म्हणून तुम्हाला सूट. पण सूट मिळण्यासाठीही नोंदणी करावी लागते, आणि नेमकं इथेच लोक अडकतात. 'शुल्क भरा' सोडून सूट मागायच्या बाजूने आत शिरा, पालिका हद्दीत मुक्काम हा पर्याय घ्या, हॉटेलचं नाव टाका. तिघांचे क्यूआर कोड येतील. सकाळी ८.३० ते दुपारी ४ या वेळात तपासणी असते, मोबाईलमध्ये उतरवून ठेवा.

सातारकर
बरोबर, चूक माझी. आम्ही पादोवाला उतरलो होतो म्हणून भरावे लागले. पण ताई, मेस्त्रे कशाला? बेटावर राहा. दिवसाची गर्दी परतल्यावर गल्लीत फक्त पाण्याचा आवाज उरतो. ते व्हेनिस मेस्त्रेवाल्यांना दिसत नाही.

घाटवाट
मेस्त्रेला उगाच नावं ठेवू नका. रेल्वेने दहा मिनिटं. आम्हाला खोली जवळपास निम्म्या भाड्यात मिळाली आणि बॅगा पुलांवरून उचलाव्या लागल्या नाहीत. रात्री दहापर्यंत बेटावर थांबून परत यायचो. कोण अडवतंय?

रानजाई
एवढा खर्च करण्यापेक्षा अलेप्पीला जा. कालवे तिथेही आहेत, जेवणाचे हाल नाहीत, व्हिसा नाही.

रेवती_के
तिकिटं काढून झाली आहेत, हॉटेलही रद्द होत नाही. कृपया तेवढ्यावरच बोला. आईचे गुडघे दुखतात, तिला फार चालवणार नाहीये. व्हेनिस बेटावरच्या स्टेशनवरून सान मार्को चौक अर्धा तास चालत, असं नकाशात दिसतंय. जमेल ना?

घाटवाट
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! नकाशा पायऱ्या मोजत नाही. त्या गावात चारशेच्या वर पूल आहेत, बहुतेकांना चढ-उतार पायऱ्याच.

वैद्यकाकू
गुडघ्यांना रोज रात्री कोमट तिळाचं तेल आणि चालताना पट्टा. माझ्या सासूबाई त्यावर नर्मदा परिक्रमेला गेल्या.

सातारकर
काकू, पायऱ्या तेलाने कमी होत नाहीत. डॉक्टरांना विचारून काय ते करा.

मिलानवासी
माझी आई गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आली होती, तेव्हा जे केलं ते सांगते. रेल्वे नको. स्टेशनबाहेर पडलं की समोर रुंद पायऱ्या आहेत. मेस्त्रेहून बसने पियाझ्झाले रोमाला या, गाड्या तिथेच संपतात. १ नंबरची वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची बस, तिथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. मुख्य कालव्यातून सावकाश जाते, चाळीसेक मिनिटं. रिआल्तोचा पूल बोटीतून खालून बघा, चढू नका. तिकीट ७५ मिनिटांचं ९.५० युरो, २४ तासांचं २५. तुम्ही २४ तासांचं घ्या, मेस्त्रेची बसही त्यातच येते.

धक्क्याला आल्यावर खलाशी दोर खुंटाला गुंडाळतो, बोट करकरत धक्क्याला टेकते, मग लोखंडी दार सरकवतो. दार सरकेपर्यंत आईंना उठवू नका, शेवटचा हिसका बसतोच.

आणि सान झक्करियाला उतरू नका. सगळे तिथे उतरतात, निश्वासांचा पूल जवळ म्हणून. पण तिथून चौकाकडे जाताना पायऱ्यांचे पूल लागतात. सान मार्को वालारेस्सोला उतरा. समोरच्या गल्लीतून सरळ जा, मग उजवीकडे. चौकापर्यंत एकही पूल नाही.

घाटवाट
गोंडोला मात्र घ्याच. दिवसा ३० मिनिटांचे ९० युरो, माणशी नव्हे, बोटीचे.

मिलानवासी
गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या गोंडोल्यात उतरवायचं? माझा सक्त विरोध आहे.

घाटवाट
दोघं धरून बसवतात हो. माझे वडील ७४ व्या वर्षी बसले.

रानजाई
२५ एप्रिल म्हणजे संत मार्कचा दिवस. त्या दिवशी तिथले पुरुष बायकोला किंवा प्रेयसीला लाल गुलाबाची कळी देतात, बोकोलो म्हणतात. आणि 'रिझी ए बिझी' खातात, म्हणजे मटार घातलेला ओलसर भात. पूर्वी दोजेला, त्यांच्या प्रमुखाला, त्या दिवशी तो वाढत.

वैद्यकाकू
आपला मटारभातच की!

मिलानवासी
शाकाहारी असाल तर विचारूनच मागवा. त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

रेवती_के
सूट झाली, तिघांचे कोड आले! मिलानवासी, किती आभार मानू. आईने एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. व्हेनिसचा धडा आला की फळ्यावर उलट्या 'एस'सारखा कालवा काढायची, आता तोच बोटीतून बघणार. गोंडोल्याचं तिलाच ठरवू दे. तर उतरायचं वालारेस्सोला, गल्ली सरळ, मग उजवीकडे. बरोबर?

मिलानवासी
बरोबर. आणि बोटीत पुढची उघडी बाकं असतील तर आईंना तिथे बसवा.