दात आणि खाणंपिणं : तुमचे अनुभव लिहा

गोड खाल्लं की दात किडतात, हे बालवाडीपासून पाठ आहे. पण कोणतं गोड, दिवसातून किती वेळा, आणि आंबटाचं काय? ब्रश-पेस्टवर भरपूर बोलून झालंय, ते इथे नको. खाण्यापिण्याने दातांचं काय झालं तेवढंच लिहा.

चहाबाज : काउंटरवर बसून काम. शेजारी चहा, एक घोट, चार गिऱ्हाइकं, परत घोट. दाढ ठणकायला लागली तेव्हा डॉक्टरांनी साखर किती चमचे हे विचारलंच नाही, एक कप किती वेळ पुरवता ते विचारलं. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, ते निवळायला लाळेला अर्धा तास तरी लागतो. घोटाघोटाने पीत राहिलं की लाळेला उसंतच नाही. आता साखर तेवढीच, पण कप एका दमात संपवतो आणि वर पाणी पितो. रूट कॅनाल काही चुकलं नाही.

वऱ्हाडीण : आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पाणी बोअरचं. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर १.५. आमच्या बोअरचं त्याहून जास्त निघालं. लहानपणी हिरडीच्या आत दात घडत असतात तेव्हाच हे पाणी पोटात जातं, म्हणून आम्हा भावंडांच्या समोरच्या दातांवर खडूसारखे पट्टे आणि तपकिरी डाग. कितीही घासा, जात नाहीत. ताईला बघायला आलेल्यांपैकी एका बाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवत विचारलं, "पोरगी खर्रा (आमच्याकडचं तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाते का हो?" आई आत निघून गेली. धाकटा मामाकडे नागपूरला वाढला, त्याचे दात पांढरेशुभ्र.

लिंबूटिंबू : वजनासाठी रोज सकाळी लिंबूपाणी, लगेच ब्रश. वजन जिथल्या तिथे, दात मात्र शिवशिवायला लागले. कीड नव्हती. पुढच्या दातांच्या कडा आरपार दिसायला लागल्या होत्या, जिभेला धारदार लागायच्या. सामू (pH, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं, आणि लिंबाचा रस २-३ च्या आसपास. आंबटाने मऊ पडलेल्या दातावर ब्रश फिरवला की थर खरवडला जातो, त्यामुळे मध्ये अर्धा-पाऊण तास जाऊ द्यायचा. गेलेलं एनॅमल परत येत नाही.

दोनपोरांचीआई : मोठ्याला रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय होती. वरचे पुढचे चारही दात काळे पडले. खालचे वाचले, कारण चोखताना जीभ त्यांच्यावर असते. सासूबाई म्हणत, दुधाचेच आहेत, पडणारच. पडायच्या आधी दुखतात त्याचं काय? धाकटीला बाटली दिलीच नाही, वाटी-चमचा.

@दोनपोरांचीआई, बिस्किटांवरही लक्ष ठेवा. दाढांच्या खाचांत लगदा बसतो तो चॉकलेटपेक्षा चिवट.

आडगावकर : आमच्या आबांनी सत्तरीपर्यंत ऊस दातांनी सोलला, फुटाणे फोडले, काही झालं नाही. सुपारीच्या खांडाने दाढेचा टवका उडाला. दाढ दाखवायला गेले तेव्हाही चंची कमरेलाच होती.